यंदाच्या मोसमाचा राजा

आमच्या नाटकमंडळीचं यंदाच्या मोसमाचं पत्रक हातात पडलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पत्रक नेहमीसारखंच होतं, भाषा मराठी आणि अक्षरं तमिळ, कारण तंजावुरात घरी मराठी बोलणारे पुष्कळ असले तरी देवनागरी वाचणारे बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. नवरात्रानंतर एक फार्स, मार्गळीत, म्हणजे डिसेंबराच्या सुमाराला, मुलांची संगीतिका, पोंगल झाल्यावर एक नवं नाटक, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आमचं जुनं संगीत नाटक, ज्यात गेली वीस-बावीस वर्षं राजा मी होतो. प्रत्येक नाटकाखाली पात्रांची नावं छापली होती. संगीत नाटकाखाली राणीचं नाव होतं, राजकन्येचं होतं, अगदी छत्र धरणाऱ्याचंसुद्धा होतं. राजापुढे नुसती टिंबं.

"छापताना राहिलं असेल," बायको म्हणाली.

मी ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत तीस वर्षं जमिनीच्या पट्ट्याचे अर्ज तपासले. खोटी सही मला कागद उलटा धरला तरी कळायची. चुकून राहिलेल्या जागी इतकी सरळ, सारख्या अंतराची टिंबं येत नाहीत. पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि घरातल्या घरात मुरत होतं असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आमच्याकडे भूमिका पत्रकावर मिळत नाही, ताटात मिळते. मंडळीचा चिटणीस, तोच दिग्दर्शकही, घरी येतो. ताटात विड्याची पानं, सुपारी, नारळ आणि नक्कल, म्हणजे ज्याच्या त्याच्या संवादांची वही. पान उचललं की भूमिका घेतली. मग ताप असो की घरात लग्न, उभं राहायचं म्हणजे राहायचं. त्या आठवड्यात चिटणीस मोपेडवरून आमच्या गल्लीत तीनदा आला. समोरच्या घरातल्या तरुण शाळामास्तरणीला राजकन्येचं ताट मिळालं, कोपऱ्यावरच्याला विदूषकाचं. माझ्या दारावरून जाताना त्यानं मान वळवून नारळाच्या झाडाकडे पाहिलं. त्या झाडात पाहण्यासारखं काही नाही, मी स्वतः लावलंय.

माझा संशय बँकेतल्या त्या गृहस्थावर होता. आठ वर्षं तो आमच्या नाटकात प्रधान होतो, आणि प्रधानाचा डोळा कुठं असतो हे मी सांगायला नको. माणूस दिसायला गरीब. मला वाकून नमस्कार करतो. वाकून नमस्कार करणाऱ्यांचे अर्ज मी कचेरीत दोनदा तपासायचो.

मग मी पुरावे गोळा करायला लागलो. कॉफीच्या दुकानात मंडळीतले दोघं बोलत होते. मी जवळ गेलो तर नुसती तोंडं हलत होती. "काय चाललंय?" विचारलं तर हसले आणि ग्लास पुढे केला. देवळात तेच, बसस्टँडवर तेच. सगळं गाव अचानक कुजबुजायला लागलं होतं. बायको पूर्वी स्वयंपाकघरातून हाक मारायची, आता समोर येऊन उभी राहायची आणि मग बोलायची. फोन आला की मात्र परसात जायची. एकदा मी मागून गेलो तर तिनं फोन पदराखाली घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यापासून लोणच्याची बरणी सोडली तर काही लपवलं नव्हतं.

गेल्या वर्षीचे प्रयोगही मी मनात परत घोळवून पाहिले. तेव्हाच मला समजायला हवं होतं. प्रधान आपलं वाक्य संपवताना माझ्या दंडाला हात लावायचा. मग राणीही लावायला लागली, विदूषकही. हल्लीच्या नटांना अभिनय म्हणजे समोरच्याला चाचपणं वाटतं, असं मी म्हणालो होतो. आता वाटलं, हे लोक मला तेव्हापासूनच हळूहळू सिंहासनावरून ढकलत होते.

मला दुसरं काय होतं? नोकरी संपली, मुलं चेन्नैला. बाजारात जे लोक मला ओळखत ते राजा म्हणून ओळखत. भाजीवालीसुद्धा "राजा वंदाच्चु", राजा आले, म्हणून हसायची. ती भूमिका गेली असती तर मी पेन्शन घेणारा एक म्हातारा उरलो असतो, आणि तसले आमच्या रस्त्यावर आधीच खूप आहेत.

रविवारी दुपारी तालीम असते हे मला शाळामास्तरणीच्या येण्याजाण्यावरून कळलं होतं. तिरुवैयारूला जाऊन येतो असं बायकोला सांगितलं आणि सरळ शाळेच्या हॉलवर गेलो. मागच्या दारानं आत शिरून शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसलो.

रंगमंचावर राजकन्या होती. आणि राजाच्या जागी, कमरेवर हात ठेवून, बँकेतला तो गृहस्थ.

चोर सापडला म्हणून मला आधी आनंदच झाला. दोघांची तोंडं हलत होती आणि आवाज काही येत नव्हता. म्हटलं, पाहिलं वाटतं मला. मी उठून तिसऱ्या रांगेत गेलो. तरी तेच. ती मुलगी हात पसरून, मान उंचावून बोलत होती आणि माझ्यापर्यंत एक अक्षर पोहोचत नव्हतं. माझा तोल गेला.

"कुजबुजता काय?" मी ओरडलो. "माझ्यापासून चोरायचं असेल तर दार लावून घ्या! नाहीतर मोठ्यानं बोला!"

ती थांबली. मृदंगवाल्यानं हात मृदंगावर तसेच ठेवले. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही, आणि त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली.

चिटणीस खाली उतरला. हा पोरगा असताना रंगमंचावर पाय कसे ठेवायचे ते मी त्याला शिकवलंय. तो अगदी माझ्या तोंडासमोर उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "ती ओरडूनच बोलत होती कीं. बाहेर वॉचमनला ऐकू येतंय."

मग त्यानं सगळं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. दोन वर्षं झाली होती. मी दुसऱ्यांची वाक्यं मध्येच तोडायला लागलो होतो, नाहीतर वाक्य संपून गेल्यावर गप्प उभा राहायचो. वाक्य संपलं की दंडाला हात लावायचा, ही युक्ती बँकेतल्या त्या गृहस्थानं काढली होती. बाकीच्यांनी त्याचं पाहून उचलली.

"आणि ताट?"

"वैनींनी सांगटलं, थांबा म्हणून. आधी कानाच्या डॉक्टरकडे नेतें, मग आणा. त्यांना तुमच्याकडे विषय काढायला होईना. तालीम अडू नये म्हणून हे प्रधान उभे राहिले, इतकंच. पत्रकात त्यांचं नाव घालूं दिलं नाही त्यांनी."

खोटं कशाला सांगू, आधी लाज नाही वाटली, रागच आला. दोन वर्षं टाळ्या घेतल्या त्या मी यांच्या मेहेरबानीवर घेतल्या होत्या, आणि हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोला, राणीला, छत्र धरणाऱ्याला. लाज मागून आली, पण आली ती बसूनच राहिली.

"काही बिघडलेलं नाही," मी म्हणालो. "शेवटचा प्रवेश घ्या. हिनं माझ्याकडे तोंड करून बोलावं, बस्स."

चपला काढून वर चढलो. बँकेतले गृहस्थ बाजूला झाले. मुलगी माझ्याकडे बघत बोलायला लागली, मी तिचे ओठ बघत होतो आणि वीस वर्षांचं पाठांतर माझ्या मदतीला होतं. एक वाक्य चुकलं नाही. माझा आवाज मला छातीत जाणवत होता, खणखणीत. विंगेतून कुणीतरी टाळी वाजवली, तीही मी पाहिली. वाटलं, बघा, अजून दहा वर्षं मरण नाही.

मग ती जागा आली. राजकन्येनं आपल्या मनानं लग्न ठरवलेलं असतं. राजा संतापून तिच्याकडे पाठ फिरवतो आणि रंगमंचाच्या कडेला येऊन उभा राहतो. ती मागून हाका मारते, "बाबा." दोन हाका तो ऐकून घेतो. तिसरीला त्याचं मन मोडतं आणि तो वळतो. आमच्या नाटकात लोक रडतात ते इथं.

मी पाठ फिरवली. समोर रिकाम्या खुर्च्या. वाट पाहिली. काही नाही. मला वाटलं, पोरगी मुद्दाम लांबवतेय, चिटणीसानं शिकवलं असेल म्हाताऱ्याला पारखून बघ म्हणून. मीही काही कच्चा नव्हतो, तसाच ताठ उभा राहिलो. चिटणीस डावीकडे होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहणं म्हणजे कॉपी करणं झालं असतं, म्हणून पाहिलं नाही. अजून वाट पाहिली. पंखा फिरत होता. मृदंगवाला मान खाली घालून मांडीकडे बघत होता.

शेवटी मी आपल्या मनानंच वळलो. मुलगी हात जोडून उभी होती. तिचे गाल ओले होते आणि ते नाटकातलं रडणं नव्हतं.

"किती वेळा हाक मारलीस?" मी विचारलं.

तिनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग एका हाताची पाच बोटं वर केली, आणि दुसऱ्या हाताचं एक.

मी बँकेतल्या गृहस्थांना जवळ बोलावलं. ते नको नको म्हणत होते, तेवढं त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्यांचे दोन्ही दंड धरून मी त्यांना रंगमंचाच्या कडेला आणलं आणि पाठ फिरवल्यावर राजानं कुठं उभं राहायचं, ती जागा दाखवली.