हळदीचा कागद लाल झाला

भर ग्रामसभेत शेठनं माझ्या हातातली बाटली हिसकावली आणि आमच्या विहिरीचं पाणी माझ्याच पायांवर ओतलं.

"म्हातारे, चौथी शिकलीस ना? आता आमाला शास्त्र शिकवतेस?"

सगळे हसले. आमच्या वस्तीतलेही दोघे हसले. ते त्याच्या गोदामात हमाली करतात.

मानकोलीच्या पुढे आमचं गाव. शेठच्या जागेवर कापड धुऊन पांढरं करायचा कारखाना. त्याचं पाणी नाल्यात, आणि नाला आमच्या बौद्धवाड्याच्या विहिरीला लागून. विहिरीचं पाणी बुळबुळीत झालं तेव्हा आम्ही बायका खूश झालो. कपड्यांना साबण कमी लागायचा. मीच चारजणींना सांगितलं, आपली विहीर गुणाची हाय. मग हातांची सालं निघाली. पोरांच्या अंगाला खाज सुटली. तरी कळलं नाही. कसं कळणार? शाळेत गुरुजी प्रयोग दाखवायचे तेव्हा मला व्हरांडा झाडायला बाहेर काढायचे. "तुला काय करायचंय बघून?" भिंग मी खिडकीतून पाहिलं. हातात झाडू होता.

कळलं ते नातीमुळे. ती सातवीत. मॅडमनी वर्गात हळदीचा कागद करायला शिकवला. तिनं तो विहिरीच्या पाण्यात बुडवला. लाल झाला.

"आजी, ह्यात सोड्यासारखं कायतरी हाय. म्हणून साबण कमी लागतो."

हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे मी जन्मभर पाहिलं होतं. का होतो, ते कुणी सांगितलं नव्हतं.

सभेत मी पाय पुसले नाहीत. कमरेच्या पिशवीतून तसाच कागद काढला, ओल्या पायावर दाबला. लाल.

"जादूटोणा करते काय ही?" शेठ म्हणाला.

मी त्याच्या पुढ्यातली पाण्याची बाटली उचलली. दुसरा कागद त्यात बुडवला. पिवळाच राहिला.

"बघा शेठ. तुमच्या पाण्यावर जादू चालत न्हाय."



कारखाना बंद झाला नाही. बंद झालं ते शाळेतलं प्रयोगाचं कपाट. शेठ शाळेच्या समितीवर आहे. त्यानं मॅडमना सांगितलं, सामान फुटतं, पुस्तकातूनच वाचून घ्या. नात आता उत्तरं पाठ करते. एका पोरीनं एक कागद बुडवला तर एवढं झालं. वर्गभर पोरं बुडवायला लागली तर काय होईल, हे शेठला बरोबर कळलंय.

मलाही कळलंय. रोज शाळा भरताना मी ते कपाट असलेल्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसते. परवा शिपाई म्हणाला, "आजी, बसलीच हायेस तर जरा झाडून तरी घे."

नाही म्हटलं. झाडणार नाही. कपाटाचं कुलूप निघेपर्यंत रोज येणार. निघालं की आत जाऊन बसणार, नातीच्या बाकावर.

वय बहात्तर. चौथी पास. शेठनं पाणी ओतलं ते ह्याच पायांवर, आणि ह्याच पायांनी मी रोज शाळेत येते.