पाठमोरा एबो

आमच्या अमोआनो गावचा समुद्र क्वामेनाने जितका पाहिला, तितका आमच्यापैकी कुणी धड पाहिला नसेल. आम्ही समुद्राकडे बघतो ते आज होड्या घालता येतील की नाही, एवढंच ठरवायला. हा माणूस मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून किल्ल्याखालच्या खडकावर बसायचा आणि ढगांशी जुनं वैर असल्यासारखं तोंड करून उजेडाची वाट बघायचा. खाली मासे भाजणाऱ्या बायकांना तेवढीच करमणूक.

"मामे एकुआचा थोरला बघा, बसलाय परत आभाळाला धरून."

"बसू दे की. आभाळ मासे मागत नाही, याला पकडता येत नाहीत. जोडी जमलीये."

क्वामेना ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याचे फोटो टाकोराडीच्या छापखान्यात जायचे आणि तिथून कॅलेंडरवर. खडकावरचा पांढरा किल्ला, नारळींची रांग, खाडीच्या तोंडाशी मीठ गोळा करणारी वस्ती, शेजारच्या गावातल्या मासे भाजायच्या भट्ट्या आणि त्यांच्यावर सकाळचा धूर. राजधानीतल्या, अक्राच्या कचेऱ्यांमधून आमचा किनारा भिंतीभिंतीवर लटकत होता आणि आमच्यातल्या बहुतेकांनी अक्रा पाहिलंही नव्हतं. त्या वर्षांत देशात साखर मिळत नव्हती, साबण मिळत नव्हता, मग कॅमेऱ्याचा रोल कुठला मिळायला? सरहद्दीपलीकडच्या लोमेहून माल आणणाऱ्या व्यापारी बायका सरहद्दीवर शिपायांची नजर चुकवून एखादा रोल कमरेच्या कापडात गुंडाळून आणायच्या. असा मिळालेला रोल क्वामेना अत्तरासारखा वापरायचा. फोटो काळेपांढरे. खिडकीला गोणपाट ठोकून अंधार केलेल्या मागच्या खोलीत तो स्वतःच ते धुवायचा.

छापखान्याच्या मालकाची एकच अट होती. फोटोत माणूस हवा, पण त्याचा चेहरा नको. चेहरा दिसला की लोक विचारतात हा कोण, आणि समुद्र राहतो बाजूला, असं त्याचं म्हणणं. क्वामेनाला ते सोळा आणे पटलं होतं. नुसता समुद्र कागदावर डबक्याएवढा दिसतो. त्याच्या कडेला एक माणूस पाठमोरा उभा केला की मग तो केवढा आहे ते कळतं.

हा माणूस म्हणजे एबो, क्वामेनाचा धाकटा भाऊ. मोठ्या होडीवर वल्ही मारून खांदे रुंद झालेले, आणि जीभ खांद्यांपेक्षाही जोरदार. मंगळवारी आमच्याकडे समुद्राचा विसावा असतो, कुणी जाळं टाकत नाही. बाकीची पोरं त्या दिवशी जाळी सांधत, सोंगट्या खेळत सावलीत पडायची. एबो मात्र भावाच्या हमालीला. क्वामेना वर खडकावर आणि हा खाली गुडघाभर पाण्यात.

"डावीकडे सरक! अजून! हां, आता हलू नकोस."

"दादा, माझी पाठ अख्ख्या देशात गाजली रे. तोंड तेवढं आईलाच ठाऊक. लग्न कसं जमायचं माझं?"

"तोंड बघून मोडण्यापेक्षा पाठ बघून जमलेलं बरं."

"तुझं कशाने मोडलं मग?"

वर हसू दाबताना क्वामेनाचा कॅमेरा हलायचा आणि मग तो चिडायचा, कारण एक फोटो वाया गेलेला असायचा.

एका वर्षी सणाला एबोने नवं कापड घेतलं, निळ्यावर पांढरी पाखरं असलेलं. तो ते खांद्यावरून पांघरून, दाढी करून, पायांना तेल चोळून भावासमोर येऊन उभा राहिला. चेष्टा नव्हती. "दादा, आज माझा एक समोरून काढ. आईला देईन."

कॅमेऱ्यात शेवटची एक फ्रेम उरली होती आणि पुढचा रोल कधी येईल याचा पत्ता नव्हता. मागे, पाऊस उघडल्यावर कधीतरीच पडतो तसा उजेड किल्ल्यावर पडला होता. क्वामेनाने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा किल्ल्याकडे.

"तू उद्याही इथेच आहेस. हा उजेड उद्या नसणार. जा, तिथे पाण्याकडे तोंड करून उभा राहा."

 नवं कापड पाण्यात भिजू नये म्हणून एबोने ते वर खोचलं आणि सांगितलेल्या जागी जाऊन उभा राहिला. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर पहिलंच पान तेच होतं. सुंदर होतं, यात वाद नाही.

त्या कॅलेंडरच्या वर्षी ऑगस्टमध्ये हेरिंग माशांचा हंगाम लागला आणि होड्या काठोकाठ भरून परतू लागल्या. किनाऱ्याजवळच्या शेवटच्या लाटांमध्ये भरलेली होडी आडवी झाली की संपलं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. त्या दिवशी एबोची होडी आडवी झाली. लोक दोर घेऊन धावले. होडीवरचे बाकी सगळे एकेक करून खोकत, ओकत बाहेर आले. एबो आला नाही. क्वामेना अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात घुसला होता, त्याला दोघांनी ओढून काढलं. मासे मात्र संध्याकाळपर्यंत चांदीसारखे वाळूवर येत राहिले. त्यांना कुणी हात लावला नाही.

समुद्र माणूस परत देतो म्हणून आम्ही वाट बघतो. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं चालत गेली, मुख्य कोळ्याने पाण्यात दारू ओतून विनवण्या केल्या. समुद्राने एबोला दिलं नाही. मग घराण्यातले वडीलधारे, म्हणजे एबोच्या आईचे, मामे एकुआचे, भाऊ, मामा क्वेजिर यांनी ठरवलं की आता आणखी वाट बघायची नाही. प्रेत नसलं तर पितळी पलंगावर मेलेल्याचं कापड अंथरायचं, त्याच्या कंगव्यातले केस ठेवायचे आणि उशीवर त्याचा चेहरा. त्या चेहऱ्यापुढे आई पहिला टाहो फोडते, मग बाकीच्या बायका. आईच्या आधी कुणी रडत नाही. तेवढं झालं की मेलेला सुटला. नाही झालं तर तो किनाऱ्यावर घुटमळत राहतो आणि घरातल्यांना बोलावत राहतो.

"चेहऱ्याची तर चिंताच नाही," मामा म्हणाले. "घरात फोटोवाला आहे."

क्वामेना मागच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावून घेतली. किती वर्षांचे फोटो होते तिथे. नारळी आणि एबोची पाठ. मिठाची वस्ती आणि एबोची पाठ. उगवतीला काळा एबो, मावळतीला काळा एबो. शेवटी एक फ्रेम सापडली, तिच्यात तो जरासा बाजूला वळला होता. क्वामेनाने ती मोठी केली, आणखी मोठी केली आणि ओला कागदच आईकडे नेला.

मामे एकुआने कागद उजेडात धरला. "हे काय आहे?"

"हा गाल आहे, आई. हे नाक."

"मला नुसते ठिपके दिसतायत रे."

तोही ठिपकेच बघत होता. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो रडला आणि घरात एबोच्या चेहऱ्याचा एकही फोटो नाही, हे तेव्हा तिला कळलं. ती त्याला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामांना पाठमोरा फोटो दाखवला तर ते भडकलेच. "पाठ? लोक काय म्हणतील, पोरगा घरच्यांवर रुसून गेला म्हणून? आलेल्या पाहुण्यांना मेलेल्याने पाठ दाखवायची? माझ्या घरात हे चालणार नाही." मग खाकरून, थोडं खाली बघत ते म्हणाले, "तुम्ही एका आईची पोरं. कपाळ तेच, जबडा तोच. त्याचं कापड पांघर आणि तुझाच काढ. लांबून येणाऱ्यांना काय कळतंय?"

जिवंत माणसाचा चेहरा मेलेल्याच्या उशीवर. असलं आमच्याकडे कुणी कधी केलं नव्हतं, आणि मामांना ते कळत नव्हतं असं नाही.  पण क्वामेना नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने स्टुलावर कॅमेरा ठेवला, फोटो आपोआप निघावा म्हणून त्याची चावी दिली आणि भिंतीला टेकून बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक अख्खी फ्रेम एका चेहऱ्यासाठी खर्च केली होती आणि ती स्वतःच्या.

तेरा-चौदा गावांहून पाहुणे आले. लाल-काळी वस्त्रं नेसलेल्या बायका पलंगाभोवती दाटीने बसल्या. ढोलवाले हात आवरून थांबले. गावातल्या सगळ्यांनी उशीवरच्या चौकटीतल्या फोटोकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या क्वामेनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मामे एकुआला दोघींनी धरून आणून समोर बसवलं.

ती बघत राहिली. रडली नाही.

"एकुआ," मामा हळूच म्हणाले. "लोक ताटकळलेत."

"हा क्वामेना आहे."

"माहीत आहे सगळ्यांना. रड आता."

"कुणासाठी रडू?" तिचा आवाज चढला. "हा माझा पोरगा तिथे दारात उभा आहे, धडधाकट. याच्या फोटोपुढे गळा काढू? समुद्राला सांगू, एक नेलास, हाही घेऊन जा?"

"मग काय ठेवू पलंगावर? मोकळी उशी ठेवू?"

"पाठ ठेव. निदान ती त्याची आहे."

 मामांनी उशीवरची चौकट उचलली आणि भिंतीशी उपडी ठेवली. क्वामेना धावत जाऊन कॅलेंडरचं ते पहिलं पान घेऊन आला. कागद मोठा होता, गुंडाळून गुंडाळून त्याला वाक आला होता, उशीवर ठेवला की मिटून जायचा. मग तो पलंगाच्या उशाशी उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कागद ताणून आपल्यासमोर धरला. कपाळापासून पोटापर्यंत तो त्या कागदामागे झाकला गेला. पुढे किल्ला, किल्ल्यावर उजेड आणि पाण्यात नवं कापड खोचून उभा असलेला एबो.

मामे एकुआ उठली. तिने कागदावरच्या खांद्यावर हात ठेवला, तिथून पाठीवर, पाठीवरून खाली, लहान मुलाला झोपवताना थोपटतात तशी. आणि तिने टाहो फोडला. तो ऐकून बायकांचा बांध फुटला, ढोल सुरू झाले, मामांनीही डोळ्यांवर कापड घेतलं. क्वामेनाने कागद खाली येऊ दिला नाही.

रडता रडता तिने कागदाची कड धरली, बाजूला सारली आणि पाठीपलीकडचा चेहरा शोधावा तसं कागदामागे वाकून पाहिलं.

मागे क्वामेना होता. ओठ दाताखाली दाबलेला, चेहरा भिजलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी. मग तिने कागद होता तसा सोडला आणि पुन्हा कागदावरच्या पाठीवर डोकं टेकून रडू लागली.