धूर खाणाऱ्या फरशीवर शेणसडा

आमच्या गल्लीत धूर शोषणारे काँक्रीटचे ब्लॉक बसवायला अक्कलकोटकडचा एक गवंडी आला होता. प्रत्येक ब्लॉक तो भाकरीसारखा तळव्यांवर फिरवून बघायचा, मगच रबरी हातोड्यानं ठोकायचा. घरापुढून दिवसभर ट्रक जातात आणि आमच्या हिला दमा, म्हणून मी त्याला रोज चहा आणि सल्ला द्यायचो. तो चहा तेवढा घ्यायचा.

काम संपलं आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. हिनं सकाळीच नव्या फरशीवर शेणाचा दाट सडा घातला. हे काँक्रीट स्वच्छ असेल, ऊन लागेल, तरच काम करतं, हे मी घरात कितीदा सांगितलं होतं. पण सणाच्या दिवशी माझं कोण ऐकतं? हत्यारं न्यायला आलेल्या गवंड्यावरच मी खापर फोडलं, "तुम्ही हिला सांगायचं नाही का?"

तो उकिडवा बसला, नखानं शेण खरवडलं आणि हिला म्हणाला, "अक्का, शेनच हाय की. धुतलं की जातंय. तेलाचा रंग दिला असता तर वाटुळं झालं असतं."

"मग सणाला दार कोरडं ठेवू?"

"नुसत्या पान्याचा सडा घाला. आनि धुवायला मालकांना लावा, लई मोकळे हायत."

मी बादली आणली. शेण निघालं, खालचा पांढुरका रंग दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता नळाच्या दिवशी फरशी मीच धुतो. धूर किती कमी झाला, देव जाणे. पण पहाटे हिचा दम्याचा पंप शोधत माझी घरभर होणारी धावाधाव थांबलीय.