चारचौघांत दिलेला नकार

नातवंडांनो, परवा फोनवर तुमच्यापैकी मोठीनं सांगितलं की ऑफिसनं तिला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं, तेही हॉटेलात, आणि माणसांच्या भावना कशा ओळखाव्यात हे शिकवून शेवटी प्रमाणपत्र दिलं. धाकट्याच्या म्हणे शाळेच्या प्रगतिपुस्तकातही या विषयाचा रकाना आहे आणि त्यात त्याला 'ब' मिळाला. या विषयाचं इंग्रजी नाव मला ठाऊक आहे. मी वर्तमानपत्र वाचते. मी तो ज्यांच्याकडे शिकले त्यांना मात्र ते नाव माहीत नव्हतं, त्यामुळे शिबिर न भरवताच त्यांचं काम भागलं. शिबिरवाल्यांनी हा विषय आपणच शोधला असं तुम्हाला वाटायला लागण्याआधी त्यांच्याबद्दल लिहावं, म्हणून आज बसले आहे.

महायुद्ध चालू होतं, साखर रेशनवर होती, आणि मी संगमनेरच्या मुलींच्या मराठी शाळेत सातवीत होते. आमच्या मुख्याध्यापिकेला सारं गाव 'मोठ्या बाई' म्हणायचं. उंचीनं त्या सातवीतल्या बहुतेक मुलींपेक्षा लहान होत्या.

मोठ्या बाई हजेरी डोळे मिटून घ्यायच्या. नावं त्यांना पाठ होती. एकेक मुलगी 'हजर' म्हणे आणि त्या नुसतं ऐकत. नव्या मुलींना वाटे, बाईंना डुलकी लागली. हजेरी संपली की त्या कुणाला फळ्याशी बोलवत, कुणाला बागेला पाणी घालायला पाठवत. घरी मार खाऊन आलेल्या मुलीला त्या दिवशी त्रैराशिक विचारलं जात नसे. हे लक्षात आल्यावर काही आळशी मुलींनी रडव्या आवाजात 'हजर' म्हणून पाहिलं. त्या सगळ्या फळ्याशी गेल्या.

मला पुढे इंग्रजी शिकायचं होतं. मुलीनं इंग्रजी शिकायचं म्हणजे नगरला मावशीकडे राहायचं, आणि त्याला वडिलांचा होकार हवा. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. घरी ते तापट होते, कचेरीत घरच्यापेक्षा तापट. पण आईनं त्यांना हळूहळू वळवत आणलं होतं. 'बघू' इथपर्यंत ते आले होते, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे पाऊण होकार.

तेवढ्यात इंग्रजी मास्तरांना माझी दया आली. हे मास्तर पुण्याहून बी.ए., बी.टी. होऊन आलेले, अत्यंत हुशार, आणि शाळा सुटल्यावर आम्हा दोघीतिघींना एबीसीडी शिकवायला येत. मोठ्या बाईंना न विचारता ते भर दुपारी कचेरीत गेले. तलाठी वसुलीचे कागद घेऊन रांगेनं उभे, पट्टेवाले दारात, आणि मास्तरांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वडिलांना सांगितलं, "भाऊसाहेब, मुलीला शिकू न देणं हा मागासलेपणा आहे. आपल्यासारख्यांनी तरी तो करू नये."

त्यांचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. वडिलांनी टाक खाली ठेवला.

"मास्तर, माझ्या घरात आज भाजी कोणती करायची तेही येऊन सांगता का? माझी मुलगी नगरला जाणार नाही. झालं?"

तलाठ्यांनी एकजात माना डोलावल्या. तलाठ्यांचं ते कामच होतं.

संध्याकाळी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "आता काही खरं नाही. घरात नाही म्हणाले असते तर मी पाहिलं असतं. हे कचेरीत नाही म्हणून आलेत."

दुसऱ्या दिवशी मी 'हजर' म्हटलं, आणि मोठ्या बाईंनी डोळे उघडले. मला बागेकडे पाठवलं. मागून स्वतः आल्या, जास्वंदीची वाळकी पानं तोडत राहिल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "नाही म्हणाले तेव्हा कचेरीत कोण कोण होतं?"

मी सांगितलं. "मामलेदारसाहेब?" ते नव्हते, फिरतीवर होते. "बरं," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यातल्या झाडाला पाणी जास्त होतंय."

आठवड्यानं त्या आमच्या घरी आल्या. शिक्षणाचा विषयच काढला नाही. शाळेच्या बक्षीस समारंभाला दरवर्षी मामलेदार अध्यक्ष असत. यंदा नेमके ते त्या दिवशी फिरतीवर आहेत, तेव्हा भाऊसाहेबांनीच ती खुर्ची घ्यावी, अशी विनंती. तारीख बाईंनीच ठरवली होती. वडिलांनी दोनदा नको म्हटलं, तेही कोट झटकायला काढून ठेवत.

आमच्याकडे अध्यक्षांच्या भाषणाची रीत ठरलेली होती. आरंभी संस्थेचं कौतुक, मग स्त्रीशिक्षणाची महती, मग मुलींना उपदेश. मधला भाग गाळणारा अध्यक्ष गावानं पाहिला नव्हता. वडिलांनी भाषण लिहिलं आणि येरझाऱ्या घालत आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"आजच्या काळात मुलीला उच्च शिक्षण देणं हे प्रत्येक सुजाण पित्याचं कर्तव्य आहे."

"कोणाच्या?" आईनं विचारलं.

"काय कोणाच्या?"

"मुलीला. कोणाच्या मुलीला?"

"अगं, भाषण आहे ते."

"मग वाचा ना. मी आपलं विचारलं."

समारंभाला सारी कचेरी लोटली. अव्वल कारकून अध्यक्ष असताना घरी बसण्याची कुणाची छाती नव्हती. शाळेतली शिपाईण हार घेऊन पुढे आली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "भाऊसाहेब, टोपी काडता का? हार आडकतुया." टोपी काढून, हार घालून वडील बोलायला उभे राहिले. 'सुजाण पित्या'पाशी आले आणि थांबले. समोर तेच तलाठी बसले होते. मी पहिल्या रांगेत होते. मोठ्या बाई बाजूला उभ्या होत्या, हजेरीला मिटत तसे डोळे मिटून.

वडिलांनी घसा साफ केला. "हे मी नुसतं सांगत नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी जूनपासून नगरला इंग्रजी शाळेत जाणार आहे."

टाळ्या पडल्या. तलाठ्यांनी माना डोलावल्या, त्याच माना, तितक्याच मनापासून. सर्वांत जोरात टाळ्या इंग्रजी मास्तरांच्या. कार्यक्रम संपल्यावर ते मोठ्या बाईंना म्हणाले, "बघा बाई, मुद्दा स्पष्ट मांडला की माणसाला पटतोच. जरा वेळ लागतो इतकंच." बाईंनी त्यांना पेढा दिला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तुझ्या वडिलांना इंग्रजीचं वावडं कधीच नव्हतं. चारचौघांत नाही म्हणून बसले होते, हो म्हणायला तेवढीच चारचौघं हवी होती, आणि बसायला जरा बरी खुर्ची. आता मास्तरांना वाटतंय त्यांनीच केलं, तर वाटू दे. खुशीत आहेत तोवर तुम्हाला इंग्रजी शिकवतील."

मास्तरांनी खरंच जून उजाडेपर्यंत शिकवलं, आणि फार चांगलं शिकवलं. मी नगरला गेले. पुढे मी स्वतः वर्गावर उभी राहिले तेव्हा हजेरी डोळे मिटूनच घेतली. त्यावरून तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, की शिक्षिका वर्गात झोपतात.

ती शाळा आता तिथे नाही, जास्वंदीही नाही. वडिलांचं भाषण आईनं चुलीला लावलं. सवय तेवढी राहिली आहे. तुम्ही फोनवर 'हॅलो आजी' म्हणता ते मी डोळे मिटून ऐकते, आणि अभ्यासाचं विचारायचं की जेवणाचं, हे त्यानंतर ठरवते.