वाचनालयातल्या बाईंचं जपानी

आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात पुस्तकं देणाऱ्या बाई कानाला वॉकमन लावून सतत पुटपुटायच्या. मुलाने जपानी मुलीशी लग्न केलं होतं. सुनेशी बोलायचं कसं, ही त्यांची चिंता. "मला पुस्तकांतलंच कळतं, म्हणून तेवढेच शब्द शिकत्ये," म्हणत त्या माझ्या पुस्तकावर शिक्का मारायच्या आणि "होन" म्हणायच्या. होन म्हणजे पुस्तक.

मे महिन्यात सून आली. बाईंनी तिला थेट वाचनालयात आणलं, एक कवितासंग्रह पुढे धरला आणि भीतभीत विचारलं, "शिशू?" जपानीत कवितासंग्रहाला हाच शब्द. सून आनंदाने ओरडली, "शिशू! शिशू!"

पेपर वाचणारे आजोबा उठलेच. "अभिनंदन हो! कितवा महिना?"

बाई हसता हसता खुर्चीत बसल्या. काहीच न कळता सूनही हसत होती. तिचा हात धरून बाई मला म्हणाल्या, "बघितलंत? बोललो आम्ही!"