हिराकाकू आणि पाटावरचं रिव्हॉल्व्हर

हिंजवडीत खोली शोधताना पहिल्या दोन घरमालकांनी मला आडनाव विचारलं आणि मग ‘कळवतो’ म्हणाले. त्यांचं कळवणं अजून यायचंय. तिसऱ्या घरच्या मालकीणबाईंनी आडनाव विचारलंच नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे म्हटल्यावर त्यांना एवढंच हवं होतं, की मी दिवसभर नेमकं करते काय. मी म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते.

“आन् त्याचा पगार देत्यात?” त्यांनी विचारलं, आणि गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

या हिराकाकू. शाळा सातवीपर्यंत, पण एखादी वस्तू आतून कशी चालते हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. नवा मिक्सर आला तो आधी उघडला गेला, मग वापरला गेला. एटीएममधून नोटा मोजून कशा येतात हे बघायला त्या पैसे भरणाऱ्या माणसांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि रखवालदाराने त्यांना हटकलं. माझ्याकडून त्यांनी माझ्या गावचं, परभणीचं, सगळं काढून घेतलं. आम्ही बौद्ध, दसऱ्याला आमच्याकडे पांढरे कपडे घालून विहारात जातात म्हटल्यावर, पांढरेच का, तिथे कोण काय बोलतं, जेवायला काय असतं, इथपर्यंत चौकशी झाली. चौकस माणसाचा मला एरवी वैताग येतो, कारण मी स्वतः तशीच आहे. काकूंचा कधी आला नाही. त्या उत्तर ऐकून घ्यायच्या, आणि ते सगळ्यांना जमत नाही.

त्यांचे यजमान सर्जेरावकाका. जमीन आयटी पार्कात गेली, पैसे आले, बंगला झाला, जीप आली, गळ्यात साखळी आली आणि सगळ्यात शेवटी परवान्याचं रिव्हॉल्व्हर आलं. परवाना मागताना कारण दिलं होतं की चुलतभावाशी जमिनीवरून बिनसलंय, जिवाला धोका आहे. खरं कारण लग्नकार्यात सदरा जरा वर सरकला की साऱ्या मांडवाला दिसायचं. रिव्हॉल्व्हर दिवसा कपाटावर टॉवेलात गुंडाळलेलं आणि रात्री उशीखाली, कायम भरलेलं. रिकामं ठेवायचं तर लाटणं काय वाईट, असं काकांचं म्हणणं.

घरातल्या या एकाच वस्तूला हात लावायची काकूंना बंदी होती. बायामाणसांचं ते काम नव्हे. मात्र खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहायचं आणि ओवाळायचं, ते काम बायामाणसांचंच. जे उघडून बघता येत नाही त्याला नमस्कार करायचा, हे काकूंच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यात उशीखालच्या त्या लोखंडाची त्यांना मनापासून भीती वाटे. झोपेत कूस बदलताना काकांचा हात कुठे पडेल, या धास्तीने त्या जाग्या राहायच्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. “इलेक्शन लागलं की मला झोप लागती,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. त्या हसल्या नव्हत्या.

मी राहायला आले त्याच वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. ती संपल्यावर काका हत्यार परत आणायला निघाले तेव्हा काकूही, चिंचवडला साडी घ्यायचीय म्हणून, जीपमध्ये बसल्या. साडी राहिलीच. ठाण्यात त्यांनी हवालदारांना सरळ विचारलं, हे उघडतं कसं? हवालदारांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी रिव्हॉल्व्हरचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे केलं, बोट चापापासून लांब ठेवलं, वरची कळ दाबली आणि ते कंबरेत वाकवलं. आतली गोल चक्री उघडी पडली. तिची सहाही भोकं डोळ्यांनी बघायची आणि करंगळीने चाचपायची. काकूंनी ते तिथेच स्वतः चार-पाच वेळा करून बघितलं. तोवर काका भिंतीवरचे फरारी आरोपींचे फोटो मन लावून बघत होते.

निघताना हवालदारांनी जे सांगितलं ते काकूंनी मला घरी येऊन जसंच्या तसं ऐकवलं. हत्यार रिकामं आहे असं कुणीही सांगितलं तरी धरून चालायचं ते भरलेलंच आहे. एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की पुन्हा उघडायचं. आणि ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे त्याचं तोंड कधीच करायचं नाही, रिकामं असलं तरी.

त्यानंतर आठवडाभर खालच्या मजल्यावर खडाजंगी चालली. काकूंचं म्हणणं, रिव्हॉल्व्हर रिकामं करून कपाटाच्या आतल्या कप्प्यात कुलपात ठेवायचं, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि गोळ्यांची किल्ली काकूंकडे. काकांनी विचारलं की चोर आला तर काय आधी तुझ्याकडे किल्ली मागायला येऊ. काकू म्हणाल्या, चोर अजून एकदाही आलेला नाही, आपला अनिरुद्ध मात्र रोज घरी येतो. अनिरुद्ध हा त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. काका शेवटी तयार झाले. पटलं म्हणून नव्हे, कंटाळले म्हणून. पण काकूंनी ते चालवून घेतलं.

पुढे खंडेनवमी आली. काकूंनी मला जेवायला तर बोलावलंच, वर लॅपटॉपही घेऊन यायला सांगितलं. दिवाणखान्यात पाट मांडला होता. त्यावर कोयता, विळा, ट्रॅक्टरचे पाने, अनिरुद्धचा कॅलक्युलेटर आणि मधोमध, तोंड भिंतीकडे करून, ते रिव्हॉल्व्हर. शेजारी गोळ्यांचं बंद खोकं. गोळ्या पूजेला काढायला काकू आधी तयार नव्हत्या. पण त्यांच्या सासूबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या की गोळी हेच तर खरं हत्यार, तिला कुलपात ठेवून नुसत्या नळीची पूजा कसली? सणाच्या दिवशी वाद नको म्हणून काकूंनी किल्ली दिली. रिव्हॉल्व्हर मात्र सकाळी स्वतः उघडून, सहाही भोकांत करंगळी घालून बघितलं आणि मगच पाटावर ठेवलं.

द्वारकाबाईंची पूजा म्हणजे कडक काम. रिकामी वस्तू देवापुढे मांडायची नाही. उखळात मूठभर गहू, डब्यात चिमूटभर साखर, ट्रॅक्टरची टाकी आदल्या दिवशीच भरलेली. माझा लॅपटॉप बंद बघून त्यांनी तो चालू करायला लावला. कंपनीच्या लॅपटॉपच्या बटणांमध्ये हळदकुंकू जात होतं, पण बोलते काय? मी पाहुणी.

पूजा झाली, काकूंनी ओवाळलं आणि त्या पुरणपोळ्या लाटायला आत गेल्या. काका फोनवर बोलत अंगणात गेले, द्वारकाबाई देवघरात. अनिरुद्धला ऑर्कुटवर टाकायला फोटो हवा होता. मोबाइल माझ्या हातात देऊन त्याने रिव्हॉल्व्हर उचललं. पहिला फोटो छातीशी धरून. तो त्याला मिळमिळीत वाटला.

“नम्रताताई, आता समोरून. नळी एकदम कॅमेऱ्यात दिसू दे,” तो म्हणाला आणि हात सरळ माझ्या दिशेने लांब केला.

मी हललेसुद्धा नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी मी, मोबाइलच्या चौकटीत ते काळं भोक मधोमध बसवत होते. काकूंनी सकाळी बघितलंय हे मला माहीत होतं ना!

“खाली ठेव.” काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्या ओरडल्या नाहीत, धावल्याही नाहीत. “बोट काढ. पाटावर ठेव. तोंड भिंतीकडं.”

अनिरुद्ध हसून म्हणाला, अगं आई, रिकामं आहे, तूच तर सकाळी बघितलंस. पण ठेवलं. काकूंनी पदराला हात पुसले, रिव्हॉल्व्हर उचललं, नळी भिंतीकडेच ठेवून कळ दाबली आणि ते कंबरेत वाकवलं. दोन गोळ्या निसटून पाटावरच्या झेंडूच्या फुलांत पडल्या.

अनिरुद्ध भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. मोबाइल माझ्या हातात तसाच होता आणि मला तो खाली करता येईना. आयुष्यात इतकी मी कधीच घाबरलेले नाही, आणि भीती आली ती सगळं होऊन गेल्यावर.

द्वारकाबाई देवघरातून बाहेर आल्या होत्या, त्याच आधी बोलल्या. देवापुढे रिकामं कसं मांडायचं, म्हणून मीच सर्जाला दोन घालायला सांगितल्या, मानाच्या. काकू आत कढई बघत होत्या तेवढ्यात काकांनी त्या भरल्या होत्या. पूजा उरकली की काढू म्हणाले, आणि तेवढ्यात फोन आला.

मी काकूंना कसंबसं विचारलं की सकाळी तुम्हीच बघितलं होतं, मग पुन्हा का उघडलंत?

“सकाळी बघितलं ते सकाळचं,” त्या म्हणाल्या. “नंतर कुनाचा हात लागला ते मला कुठं दिसलं?”

रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं. हातांना उरलेलं पीठ गालांना लागलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. माझ्या आईनंतर मला असं कुणी धरलेलं नव्हतं.

काका फोन संपवून आत आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, उघड्या चक्रीकडे बघितलं. काय झालं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

“दोनच घातल्या व्हत्या,” ते म्हणाले.

“एक हिची,” काकू म्हणाल्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. “दुसरी कुनाची ते सांगा.”

काका पाटासमोर मांडी घालून बसले. एवढा मोठा माणूस, पण मान वर करेना. खाली बघतच म्हणाले, दसरा होऊ दे, परवा ठाण्यात नेऊन जमा करतो, परवानाही परत देतो.

“परवा कशाला?” काकू म्हणाल्या. “ठान्याला काय सुट्टी नसती.”

त्यांनी रिव्हॉल्व्हर पुन्हा एकदा चाचपून बघितलं, मिटून टॉवेलात गुंडाळलं आणि जीपची किल्ली काकांच्या हातात दिली. फुलांतल्या दोन्ही गोळ्या खोक्यात घातल्या आणि ते खोकं त्यांनी स्वतः जीपमध्ये मांडीवर घेतलं. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा नळीवरचं कुंकू तसंच होतं. द्वारकाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि पूजेतलं हत्यार उत्तरपूजेआधी का हलवलं, असं त्यांनी कुणालाही विचारलं नाही.