दानेश्वरीच्या लॅपटॉपला हात लावला तेव्हा

दानेश्वरीला राग आला की तिच्या तोंडून कन्नड यायचं. गडहिंग्लजला माहेरी सगळं कन्नडातच चालायचं. लग्न होऊन कोल्हापुरात शाहूपुरीत आल्यावर रोजचं बोलणं मराठी झालं, पण चिडली की पहिला शब्द ‘साकु’. म्हणजे पुरे झालं. २००८च्या उन्हाळ्यात हा शब्द त्या घरात रोज ऐकू येत होता, आणि त्याला कारण होता तिचा लॅपटॉप.

तो तिला धाकट्या भावानं, अमरेशनं दिला होता. अमरेश बंगळुरात नोकरीला. स्वतःला नवा घेतल्यावर जुन्यावर लिनक्स घालून त्यानं तो बहिणीच्या हवाली केला. “अक्का, ह्यात व्हायरस शिरत नाही आणि मराठी, कन्नड दोन्ही सरळ टाइप होतं,” म्हणाला. दानेश्वरीला तेच हवं होतं. धारवाडची एक संस्था शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाची छोटी पुस्तकं काढायची, आणि ती त्यांचं कन्नडातून मराठी करायची. बीएस्सी झाल्यावर घरात अडकून पडलेल्या बाईच्या हाताला लागलेलं ते पहिलं स्वतःचं काम होतं. नवरा शिवकुमार गुळाचा अडत्या, मनानं चांगला. पण बायको काय लिहिते ते त्यानं कधी उघडून पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी कोपऱ्यात ‘अपडेट आले आहेत’ अशी खूण दिसली. तिनं होय म्हटलं. लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला आणि वायफाय गायब! खूणच नाही, जणू त्या यंत्रात ते कधी नव्हतंच. मधमाश्यांच्या पुस्तकाचं काम अर्ध्यात आणि धारवाडहून दुरुस्त्या यायच्या होत्या. वायफायसाठी लागणारी फाइल नेटवरून उतरवा, असं लॅपटॉपमधल्याच मदतीच्या पानात लिहिलेलं. “साकु! नेटच न्हाय तर उतरवू कुठनं?” ती लॅपटॉपवरच ओरडली.

तिनं इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याच्या ऑफिसात फोन लावला.

“लिनक्स? ते आमच्यात चालत न्हाय,” पलीकडचा म्हणाला. “वहिनी, मिस्टरांना फोन द्या की जरा.”

“मिस्टरांना कशाला? त्यांना चालू-बंद करायचं बटन ठाऊक न्हाय.”

“तरी पण द्या.”

तिनं फोन आपटला. मग पदर खोचून बसली. लॅपटॉप सुरू होताना एक यादी क्षणभर चमकून जाते, हे तिच्या ध्यानात होतं. ह्या वेळी तिनं ती थांबवली. वर अपडेटनं आणलेला लिनक्सचा नवा गाभा होता, खाली जुना. तिनं जुना निवडला, आणि वायफाय आलं. नव्या गाभ्याशी वायफायचं जुळत नव्हतं, एवढीच गोष्ट होती. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण सकाळ वाया गेली होती आणि ‘मिस्टरांना द्या’ कानात वाजत होतं.

आनंद करण्यासारखं काही उरलंही नाही. वायफाय जोडलं गेलं, तरी एकही पान उघडेना. तिनं काळ्या खिडकीत आज्ञा देऊन पाहिली. आकड्यांचा पत्ता दिला की पलीकडून उत्तर यायचं, नाव दिलं की काही नाही. म्हणजे रस्ता सुरू होता, नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर तेवढा मेला होता. हा सर्व्हर केबलवाल्याचा. आता ती त्याला सोडणार नव्हती. लॅपटॉप पिशवीत घालून भर उन्हात ती ऑफिसात जाऊन उभी राहिली.

तिथला मुख्य हंबीरराव. जाड मिशा, समोर चहाचा कप. “बसा, वहिनी,” तो म्हणाला.

“बसायला आलेली न्हाय. तुमचा नावाचा सर्व्हर बंद हाय. सकाळपासनं टोलवताय मला.”

“अवो, सगळ्या कोल्हापुराचं नेट सुरू हाय.” त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. बातम्या झरझर उघडत होत्या. “बघा की. दोष तुमच्या त्या लिनक्साचा.”

तिनं तिथलीच वायर लॅपटॉपला जोडली. पानं उघडेनात. काउंटरभोवतीची माणसं मान लांब करून बघायला लागली. तिनं सेटिंग उघडलं आणि तिचे कान तापले. हिवाळ्यात नेट अडलं होतं तेव्हा ह्याच ऑफिसातल्या माणसानं फोनवर सर्व्हरचा आकडा सांगितला होता, आणि तिनं तो हातानं टाकला होता. तो अजून तिथंच होता. तिनं तो पुसला. पानं धडाधड उघडली.

“सांगत न्हवतो?” हंबीरराव हसला.

“हा आकडा तुमच्याच माणसानं दिलाय. बदलला कधी?”

“आज सकाळीच.”

“कुणाला सांगितलं?”

“विंडोजला सांगायला लागत न्हाय, वहिनी. आपलं आपण घेतंय.”

“लिनक्स पण घेतंय! तुमच्या माणसाचं ऐकून हातानं घातला म्हणून अडलं!” तिनं वायर उपसली. कुणीतरी फिसकन हसलं. घरी येईपर्यंत ती सगळ्यांवर चिडलेली होती. आकडा घालून विसरून गेली म्हणून स्वतःवर सगळ्यात जास्त.

त्या संध्याकाळी तिनं शिवकुमारला हे सगळं बोलून दाखवलं. तो जेवता जेवता “हं, हं” करत होता. ऐकतोय, एवढंच तिला पुरेसं वाटलं.

दोन दिवसांनी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला ती एसटीनं गडहिंग्लजला गेली. परतली तेव्हा शिवकुमार दारातच उभा, चेहऱ्यावर हसू.

“तुझं कटकटीचं काम संपवलं बघ.”

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ. विंडोज.

“माझं काम कुठंय?” तिनं हळू विचारलं.

“आँ? असंल की आत. कृष्णातनं सगळं नीट करून दिलंय.”

कृष्णात म्हणजे अडतीच्या शेजारचा कॉम्प्युटरवाला. ती पिशवी हातात घेऊन तशीच मागं फिरली. कृष्णात दुकान आवरत होता. “वहिनी, साहेब म्हणाले सगळं उडवा आणि विंडोज टाका. मी डबल विचारलं की. म्हणाले, त्यात काय नसंल.”

त्यात काय नसंल! घरी येऊन ती शिवकुमारसमोर उभी राहिली. रागात असून पहिल्यांदाच तोंडून कन्नड आलं नाही. स्वच्छ मराठीत ती म्हणाली, “मी त्रास सांगितला होता. हात लावायला सांगितलं नव्हतं.”

“तुझे हाल बघवत न्हवते म्हणून...”

“माझे हाल न्हाय बघवत, आणि माझं काम बघितलं न्हाय कधी. त्यात काय हाय ते उघडून तरी बघितलं का? एकदा?”

सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि परत आत गेल्या.

पूर्ण झालेली प्रकरणं मेलनं धारवाडला गेलेली होती, ती वाचली. मधमाश्यांचं अर्धं राहिलेलं प्रकरण गेलं. त्याबरोबर, तरुणपणी रानातली मोहोळं काढलेल्या वडिलांना विचारून जमवलेले पोळ्याचे, मोहोळाचे, माश्यांच्या जातींचे शब्दही गेले. अमरेशनं फोनवरून सांगितलं तसं तिनं पुसलेलं परत मिळवायचा खटाटोप केला, पण हाताला लागले ते तुकडे, अर्धी अक्षरं. मग तिनं लिनक्स पुन्हा घातलं. ह्या वेळी जुना गाभा जपून ठेवला आणि रोजच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली.

वडिलांना, बसलिंगाप्पांना, फोन लावून ती पुन्हा शब्द विचारायला बसली. ते म्हातारे झाले होते. ह्या खेपेला त्यांना निराळेच आठवले. आधीचे कुठले होते, हे दोघांनाही सांगता येईना. फोन ठेवल्यावर ती परसात जाऊन रागानं रडली.

प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. धारवाडच्या लोकांना आवडलं, पुस्तक छापून आलं, आतल्या पानावर तिचं नाव होतं. शिवकुमारनं ते बाजारात चार जणांना दाखवलं. पण पहिलं लिहिलेलं जास्त चांगलं होतं, असं ती पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिली. तो ह्यावर कधी वाद घालायचा नाही. एका दिवशी त्यानं ते पुस्तक खुर्चीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि राणीमाशीबद्दल एक प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं, पण हसली नाही.

लॅपटॉपला तिनं पासवर्ड घातला होता. शिवकुमारनं तो कधी मागितला नाही, आणि तिनं कधी सांगितला नाही.